टिळकवाडीतला आयकिडोचा क्लास : पैसे भरून पडायला शिकायचं असेल तर जरूर जा

बेळगावात आयकिडो, म्हणजे समोरच्याचा तोल घालवून फेकायची जपानी कला, शिकवतात म्हणून सांगितलं की अर्धी माणसं "म्हणजे कराटेच की" म्हणतात आणि उरलेली विचारतात की त्यात नेमकं करतात काय, उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत माझ्या आजूबाजूच्या शेडमधल्या दोघातिघांनी तर पोरांना घालू काय म्हणून इतक्यांदा विचारलंय की आता एकदाच सगळं लिहून टाकतो, पुढच्याला लिंक पाठवली की झालं. मी आधी फक्त मुलीला सोडायला जायचो, बाहेर गाडीवर बसून मोबाईल बघत बसायचो, सरांनीच एकदा "आत येऊन बसा की, डास चावतात तिथं" म्हणून बोलवलं आणि आता आम्ही बाप-लेक दोघंही जातो. फी भरून जातो, म्हणजे ही जाहिरात नाही.

जागा टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटाच्या अलीकडं आत वळलं की एका जुन्या शाळेचा हॉल. बोर्ड नाही. बोर्ड का नाही विचारलं तर सर म्हणाले बोर्ड लावला की आधी तो कुठल्या भाषेत लावायचा ते ठरवावं लागणार, त्यापेक्षा नकोच. बेळगावकरांना वेगळं सांगायला नको. आत मात्र भाषेची भानगडच नाही, आकडे जपानीत मोजतात, इची नी सान शी, आणि समजावून सांगताना सर एक वाक्य मराठीत एक कन्नडमध्ये असं बोलतात, मध्येच एखादा उर्दू बोलणारा पोरगा असला की तिसरं हिंदीत. अनगोळ, वडगाव, शहापूर, कॅम्प, सगळीकडची पोरं आहेत, कपिलेश्वरच्या पुलापलीकडून सायकलनं येणारी पण दोघंजण आहेत.

आता सरांबद्दल, कारण हा क्लास म्हणजे सरच आहेत, दुसरं काही बघायला तिथं नाही. वय पन्नाशीच्या पुढं, उंची बेताची, अंगानं बारीक, रस्त्यात दिसले तर पोस्टातले क्लार्क वाटतील. गाव खानापूर तालुक्यात जंगलाच्या अंगाला, घरची भातशेती. वडील पैलवान, नावाजलेले वगैरे नव्हेत, गावोगावच्या जत्रेत मैदानं करून येणारे. सरांना पण लहानपणी तालमीत घातलेलं, पण अंगात मांसच धरेना. आता तालमीत असला बारका गडी कशाला उपयोगी पडतो ते ज्यांनी तालीम बघितलीय त्यांना माहिती असेल, मोठ्या पैलवानांना डाव घोटायला जोडीदार लागतो, तो जोडीदार म्हणजे सर. कुणाला धोबीपछाड घोटायचीय, या इकडं. कुणाला ढाक बसवायचीय, उभे राहा. रोज संध्याकाळी तांबड्या मातीत पाठीवर पडायचं, उठायचं, परत पडायचं. सर म्हणतात, "मला जिंकायला कुणी शिकवलंच नाही, पण मला लागत नव्हतं, आणि का लागत नाही ते मला पण सांगता यायचं नाही."

पुढं मराठा सेंटरच्या सैन्यभरतीला गेले, छातीच्या मापात गेले. मग आयटीआय फिटर, मग पुण्याला चिंचवडच्या बाजूला कंपनीत. तिथं खोलीवरच्या मित्राबरोबर एका आयकिडोच्या क्लासला गेले आणि पहिल्याच दिवशी तिथल्या शिक्षकांनी यांना दोनदा फेकलं, तिसऱ्यांदा थांबून विचारलं की आधी कुठं शिकलायस. यांनी सांगितलं कुठं नाही, तालमीत मार खाल्लाय फक्त. त्या दिवसापासून दरवेळी डाव दाखवायचा असला की यांनाच पुढं बोलवायचे. आयकिडोत ज्याच्यावर डाव करतात त्याला उके म्हणतात आणि जो करतो तो नागे किंवा तोरी, आणि हा उकेचा भाग सगळ्यांनाच आळीपाळीनं करावा लागतो, चार वेळा तू फेक, चार वेळा मी फेकतो. सरांनी तिथं वर्षानुवर्षं हेच केलं, शिक्षकांचा हात अंगावर घेतला. वडील गेल्यावर शेती बघायला परत आले, आता दिवसा एका वर्कशॉपमध्ये मेंटेनन्स बघतात आणि संध्याकाळी हा क्लास. पोट क्लासवर नाही हे महत्त्वाचं, त्यामुळं ते कुणाची मनधरणी करत नाहीत.

आणि सगळं शिकवणं याच्यातूनच आलंय. बाकीचे क्लास फेकायला शिकवतात, सर फेकून घ्यायला शिकवतात. हे एकदा डोक्यात घेऊन जा, नाहीतर पहिल्या महिन्यात पळून याल, बरेच जण पळतात.

पहिले कित्येक आठवडे फक्त पडायचं. उकेमी म्हणतात त्याला. मागं पडायची वेगळी, पुढं पडायची वेगळी, कोलांटीसारखी पण कोलांटी नव्हे. शाळेतल्या कोलांटीत आपण डोकं टेकवून मणक्यावरून सरळ जातो, इथं डोकं जमिनीला लागायचंच नाही. हाताची करंगळीकडची कड खाली, तिथून कोपर, खांदा, आणि खांद्यावरून तिरकं पाठीवरून समोरच्या बाजूच्या कमरेपर्यंत, उजवा खांदा असला तर डावी कंबर. मणका वाचतो, मान वाचते. मागं पडताना हनुवटी छातीकडं आणि नजर पट्ट्याच्या गाठीवर, नाहीतर डोकं मागं जाऊन आपटतं. श्वास सोडत जायचं, धरून ठेवला की अंग लाकूड होतं. आणि हात मागं टेकवायचा नाही, हे सगळ्यात अवघड, कारण पडताना माणूस हात टेकवतोच आणि मनगट तिथंच जातं. सर पहिल्यांदा उभ्यानं पडू देतच नाहीत, आधी बसून, मग उकिडवं, मग अर्धं उभं राहून. चाळिशीच्या माणसाला चार महिने लागले तरी चालतील म्हणतात, लहान पोरांना पंधरा दिवसांत जमतं आणि ती आपल्याकडं बघून हसतात.

सरांची बोलायची पद्धत पण ऐकण्यासारखी आहे. ओरडत नाहीत. "ताकद सोड की जरा" हे एक आणि "घाई कशाला, ट्रेन चुकतीय काय" हे दुसरं, एवढ्या दोन वाक्यांवर अख्खा तास काढतात. चूक झाली तर सांगत नाहीत, येऊन स्वतःचं मनगट आपल्या हातात देतात, "कर माझ्यावर." आपण करतो. काही होत नाही, ते उभेच. मग ते आपल्या कोपराला दोन बोटं लावून इंचभर खाली सरकवतात, "आता कर," आणि ते खरंच खाली बसतात. नाटक करतायत काय म्हणून मला पहिल्यांदा शंका आली होती. एकदा आमच्या बॅचमधल्या पोलीस खात्यातल्या एकानं, चांगला सहा फुटी गडी, मुद्दाम अंग ताठ धरलं, तेव्हा दिसलं की नाटक नाही, मनगट वळवायच्या आधीच त्याचा तोल एका पायावर गेलेला असतो, उरलेलं काम नुसतं ओझं खाली येऊ द्यायचं असतं. माझा धंदा लेथचा, जॉब सेंटरला नसला की मशीन कितीही दणकट असू दे तो थरथरणारच, तसंच हे, माणूस सेंटरवरून हलवला की मग त्याची ताकद त्याच्याच विरुद्ध जाते. हे सरांना सांगितलं तर म्हणाले, "हेच मी दोन वर्षं समजावतोय आणि तुम्हाला लेथवर कळालं."

डावांची नावं सगळी जपानी. इक्क्यो, निक्यो, सांक्यो, योंक्यो असे पहिला दुसरा तिसरा चौथा, मग शिहोनागे, इरिमिनागे, कोतेगाएशी. ऐकताना भारी वाटतात, प्रत्यक्षात प्रत्येक डावात दोनच गोष्टी, एकतर समोरच्याच्या रेषेतून बाजूला होऊन आत शिरायचं नाहीतर पाय टेकवून त्याच्याच दिशेनं फिरायचं. निक्योत मनगट असं दुखतं की माणूस न सांगता गुडघ्यावर येतो. दुखलं की चटईवर किंवा स्वतःच्या मांडीवर दोनदा थाप मारायची आणि समोरच्यानं त्या क्षणी सोडायचं, हा इथला एकमेव कडक नियम. थाप मारल्यावर जो अर्धा सेकंद जास्त धरतो तो त्या दिवशी भिंतीला टेकून बसतो, पोरगा असू दे नाहीतर बँकेचा मॅनेजर. मी मॅनेजरला बसलेलं बघितलंय. शिहोनागे तर नवीन माणसाला जोरात करूच देत नाहीत, कारण त्यात हात डोक्याच्या मागं दुमडला जातो आणि माणूस उलटा पडतो, पडता येत नसेल तर डोकं मागून आपटतं. पडणाऱ्याला येत असेल तेवढ्याच वेगानं फेकायचं, फेकणाऱ्याला येतंय म्हणून नव्हे.

हॉलमध्ये समोर पांढऱ्या दाढीच्या म्हाताऱ्याचा फोटो असतो, ते मोरिहेई उएशिबा, आयकिडो काढणारे. जन्म 1883, जपानातलं तानाबे गाव, वारले 1969 ला. सर इतिहासाचं लेक्चर देत नाहीत पण भरतीची तयारी करणारी पोरं क्लासला आली की उएशिबांची एक गोष्ट हमखास सांगतात. 1903 मध्ये उएशिबा सैन्यात भरती व्हायला गेले तर उंचीत नापास, पाच फूट दोन इंचाला किंचित कमी. तर हा माणूस पायाला वजनं बांधून झाडाला लोंबकळायचा, आणि पुढच्या खेपेला तेवढी उंची भरवून भरती झाला, रशिया-जपान युद्धाला पण गेला. आमच्या खानापूर-बेळगावकडची पोरं पहाटे उठून व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर पळतात, छाती फुगवायला काय काय करतात, त्यामुळं ही गोष्ट त्यांना जपानची वाटतच नाही. एकानं खरंच विचारलं की सर किती किलो बांधायचं. सरांनी हात जोडले, "अरे ती गोष्ट आहे, करू नको, गुडघे जातील."

पुढची गोष्ट पण सांगतात, होक्काइडोला असताना 1915 मध्ये त्यांना ताकेदा सोकाकू भेटले, दाइतो-र्यू नावाच्या जुन्या जुजुत्सूचे कडक गुरू, आजच्या आयकिडोतले मनगटाचे बहुतेक डाव तिथून आलेत. मग ओमोतो नावाच्या धार्मिक पंथाच्या देगुची ओनिसाबुरो यांच्याकडं गेले, तिथून माणूस बदलला. टोकियोत 1931 ला मोठा दोजो, म्हणजे सरावाचा हॉल, बांधला, सैन्यातले आरमारातले अधिकारी यायचे, आणि ऐन महायुद्धात 1942 ला सगळं पोराच्या हवाली करून इवामा नावाच्या खेड्यात जाऊन शेती आणि सराव करत राहिले. सरांना ही इवामाची गोष्ट सगळ्यात जवळची. पावसाळ्यात रोप लावणीच्या दिवसांत आमचा क्लास बंद असतो, सर सरळ ग्रुपवर टाकतात "लावणी आहे, शुक्रवारपर्यंत नाही." कुणी कुरकुर केली तर फोटोकडं बोट दाखवतात. हे जरा सोयीचं आहे असं माझं मत, फी पूर्ण महिन्याची घेतात.

काठी आणि लाकडी तलवार पण शिकवतात, रविवारी सकाळी. काठीला "जो" म्हणतात, साधारण 128 सेंटीमीटर, आपल्या लाठीपेक्षा बरीच आखूड. ऑनलाईन मागवली तर महाग पडते, सरांनी खानापूरच्या एका सुताराकडून करून घेतल्यात, वजनाला जराशा जास्त आहेत पण चालतात. एकतीस हालचालींचा एक संच आहे तो पाठ करायचा, उएशिबांच्याजवळ इवामात राहिलेल्या साइतो मोरिहिरोंनी हे काठी-तलवारीचं शिक्षण नीट बसवलं. मला पाठ होत नाही, मुलीला झालाय. ती घरी झाडूच्या दांड्यावर करते, हॉलमधली ट्यूबलाईट एकदा गेलीय.

आता सगळ्यांना जे विचारायचं असतं ते, की याचा मारामारीत उपयोग होतो काय. याचं उत्तर मी ऐकीव देत नाही, समोर बघितलेलं सांगतो. एकदा अनगोळकडचा एक तरुण पैलवान आला, चांगला घोटीव अंगाचा, त्याच्या मित्रानं डिवचून आणलेला. म्हणाला सर मी धरतो, तुम्ही सोडवा. सर म्हणाले धर की. त्यानं मनगट धरलंच नाही, खाली बसून पाय धरले, पट काढला आणि सर चटईवर. अख्खा हॉल गप. सर मस्तपैकी गोल फिरून उठले, कपडे झटकले आणि म्हणाले, "चांगला आहे, पण डावा पाय मागं राहतोय तुझा." मग त्याच पोराला सांगितलं, यांना सगळ्यांना दाखव पट कसा काढतात, आणि उरलेला अर्धा तास तो पैलवान आम्हाला शिकवत होता. जाताना तो सरांच्या पाया पडला, आणि आता महिन्यातून एखाद्या रविवारी येतो, फक्त उकेमी करायला, मैदानात वरून आपटल्यावर मान सांभाळायला उपयोग होतो म्हणतो.

दुसरा कुठला शिक्षक असता तर त्यानं "आमच्या नियमात नाही" म्हणून वाद घातला असता. त्यामुळं माझं सरळ उत्तर असं, वर्षभरात कुणाला लोळवायचं असेल तर बॉक्सिंगला घाला, नाहीतर तालमीत घाला, आपल्याकडं तालमींची कमी नाही. सर स्वतः तेच सांगतात. इथं स्पर्धा नसते, मेडल नसतं, गुण नसतात. आयकिडोतच तोमिकी केन्जींची एक शाखा आहे, तिथं रबरी सुऱ्यावर स्पर्धा घेतात, आणि शिओदा गोझोंच्या योशिनकानचा कडकपणा वेगळा, टोकियोच्या पोलिसांना ती शाखा शिकवते. सरांची शाखा मूळ आयकिकाईची, म्हणजे उएशिबांच्या घराण्याच्या संस्थेची, तिथं स्पर्धा नाही म्हणजे नाही. काहींना हे पचत नाही. मला पण सुरुवातीला वाटायचं की समोरचा खोटं खोटं मारतोय, आपण खोटं खोटं फेकतोय, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच ठिकाणी आयकिडो तसाच झालाय, इंटरनेटवर व्हिडिओ बघा, माणसं हात न लावताच उडतायत. सर असलं करू देत नाहीत. फेकलं नसताना कोण उडाला तर त्यालाच विचारतात, "कुणी फेकलं तुला? मी तर उभाय."

बाईकवरून पडल्यावर उकेमीनं वाचलो असल्या गोष्टी पण क्लासात चालतात, सरांना त्या आवडत नाहीत. हेल्मेट घाल म्हणतात, रस्त्यावर चटई नसते.

पोरांची बॅच वेगळी असते आणि ती बघायला खरी मजा. आठ ते तेरा वयाची. पहिली दहा मिनिटं गुडघ्यावर चालायचं, शिक्को म्हणतात, पोरांना तो खेळच वाटतो. मोठ्यांना गुडघे दुखत असतील तर सर करायला लावत नाहीत, उभ्यानं करा म्हणतात, हे चांगलं, कारण दुसरीकडं कुठं कुठं यावरून हट्ट धरतात असं ऐकलंय. पोरांच्या बॅचमध्ये एक नियम, जोडी दर दोन मिनिटांनी बदलते आणि आपल्यापेक्षा लहान पोराबरोबर असताना आधी आपण पडायचं. माझ्या मुलीची शाळेत एका पोराबरोबर सारखी भांडणं व्हायची, म्हणजे मारामारीच, त्या पोराला पण याच क्लासला घातलं त्याच्या आईनं, आणि सरांनी मुद्दाम दोघांची जोडी लावली. आता भांडणं बंद झाली असं नाही हां, पण मारामारी बंद झाली, आता नुसतं तोंडानं भांडतात. प्रगती म्हणायची.

बायका पण येतात, संख्येनं थोड्या, पण ज्या येतात त्या टिकल्यात, पुरुषांपेक्षा जास्त. त्यातल्या एका काकूंनी मला सांगितलं की पुरुषांच्या हातातला जोर काढायलाच सरांचा निम्मा वेळ जातो, बायका जोर लावतच नाहीत म्हणून लवकर शिकतात. माझ्या बाबतीत तरी खरं आहे. एक गोष्ट खटकते, बदलायला नीट खोली नाही, एकच बाथरूम, आणि त्याची कडी अर्धी. बायकांसाठी हे लवकर बघायला पाहिजे, सांगून झालंय, सर "शाळेला सांगितलंय" म्हणतात, शाळा बघते म्हणते.

रविवारी काठीच्या आधी म्हाताऱ्या माणसांसाठी अर्धा तास असतो, हा बहुतेकांना माहितीच नाही आणि माझ्या मते इथली सगळ्यात कामाची गोष्ट हीच. डाव वगैरे काही नाही. खुर्ची धरून जमिनीवर बसायचं, कुशीवर वळायचं, हातावर येऊन, एक गुडघा टेकून परत उठायचं. आमच्या सासऱ्यांना घेऊन गेलो, ते आधी चिडले, "मला उठता येत नाही काय" म्हणून. सरांनी वाद नाही घातला, स्वतः त्यांच्या शेजारी जमिनीवर आडवे झाले आणि म्हणाले, "मामा, हात न टेकवता उठूया, बघू कोण आधी उठतंय." सासऱ्यांना उठता येईना. पुढच्या रविवारी आपणहून तयार होऊन बसलेले, आठ वाजताच. याची फी घेत नाहीत.

आता तक्रारी, कारण नुसतं कौतुक लिहिलं तर कुणी विश्वास ठेवत नाही. चटया जुन्या झाल्यात, फोमच्या जोडायच्या असतात त्या, मध्ये मध्ये फट पडते आणि अंगठा अडकतो, दोघांचे अंगठे सुजलेले मी बघितलेत. बेळगावच्या पावसात त्यांना वास मारतो, जून ते सप्टेंबर सहन करावं लागतं. सर वेळेला दार लावतात, सहा म्हणजे सहा, दोन मिनिटं उशीर झाला तर बाहेर बसून बघायचं, सुरुवातीचं नमन झाल्यावर आत घेतात, आणि संध्याकाळी रेल्वेचं गेट पडलेलं असलं तर कुणाची काय चूक? यावर माझं आणि त्यांचं एकदा झालंय. गेट पडणार हे रोजच माहिती असतं, दहा मिनिटं आधी निघा म्हणाले. फोन उचलत नाहीत, ग्रुपवर फक्त "आज आहे" किंवा "आज नाही." जत्रा, मोठं कुस्तीचं मैदान, लग्नसराई, "आज नाही" बऱ्याचदा असतं.

सगळ्यात मोठी तक्रार पालकांची आणि ती म्हणजे पट्टा. दुसरीकडं पोरांना दर तीन महिन्याला नवा रंग मिळतो, फोटो स्टेटसला जातात, इथं पोरगं वर्षभर पांढऱ्यातच. मोठ्यांना तर काळा मिळेपर्यंत पांढराच, क्यूच्या, म्हणजे काळ्या पट्ट्याआधीच्या पायऱ्यांच्या, परीक्षा असतात पण कंबरेला काही फरक दिसत नाही. परीक्षा घ्यायला बाहेरून वरिष्ठ येतात, त्याची फी वेगळी, आणि सर पाठवतील तेव्हाच बसायचं. माझ्या मुलीला एकदा नाही बसवलं, ती रडली, मी विचारायला गेलो. सर म्हणाले, "डाव सगळे येतात तिला. पण समोरची पडल्यावर बघत नाही, पाठ फिरवते." झान्शिन म्हणतात त्याला, डाव झाल्यावर पण लक्ष तिथंच ठेवायचं, समोरचा नीट पडला का, उठला का, परत येतोय का. घरी येऊन मी तिला तेच सांगितलं, तिनं विचारलं मग परीक्षेच्या पेपरात असं लिहिलंय काय. लिहिलेलं नसतं. पण सर बघतात.

मोठ्यांपैकी काही जणांना सरांचं हे आवडत नाही की ते का ते सांगत नाहीत. कर म्हणतात, कळेल म्हणतात. शिकलेल्या माणसाला आधी कळायला लागतं मग करायला जमतं, आमच्यातले एक इंजिनिअर साहेब वही घेऊन यायचे, बाणबिण काढायचे, ते सोडून गेले. मला वाटतं सरांनी थोडं समजावून सांगायला हरकत नाही, सगळेच काही तालमीतून आलेले नसतात. पण त्यांना ते जमत नाही हे पण खरं, त्यांनी स्वतः जे शिकलंय ते अंगावर पडून शिकलंय.

फी महिन्याला हजाराच्या आतच, घरातली दोघं असली तर दुसऱ्याची निम्मी, ज्याला परवडत नाही त्याच्याकडून घेत नाहीत पण ते कुणाला कळू देत नाहीत, मला योगायोगानं कळालं. पाचपैकी मी चार देतो, एक चटयांचा आणि बाथरूमच्या कडीचा कापला.

नवीन माणसं गणपतीनंतर घेतात, मध्येच गेलात तर एक दिवस बसून बघू देतात, त्याचे पैसे नाहीत. जपानी ड्रेस, गी म्हणतात तो, लगेच विकत घेऊ नका, सर पण सांगतात तीन महिने टिकलात तर घ्या, तोवर ट्रॅकपँट आणि पूर्ण बाह्यांचा जाड टीशर्ट, नाहीतर कोपरं सोलतात. हातापायाची नखं कापून जा, घड्याळ, कडं, अंगठी घरी ठेवा, जेवण दोन तास आधी उरका. पाठीचं किंवा मानेचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि सरांना पहिल्याच दिवशी सांगा, लपवू नका. गाडी शाळेच्या गेटसमोर लावू नका, शेजारचे आजोबा हवा सोडतात. आणि पावणेसहाला पोचा.